व्यवहारज्ञान : पावतीवरचा एक रुपया

गेल्या अंकात बँकेतील लॉकरच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एका वाचक भगिनींचे पत्र निराळ्याच विषयाचे निघाले. त्यांच्या घरी किराणा मालाचा घाऊक व्यापार आहे. त्या स्वतः आठवड्यातून दोन-तीनदा ॲपवरून टॅक्सी मागवून नातवंडांना शिकवणीस नेतात. त्या लिहितात, ‘प्रत्येक पावतीत भाड्याच्या खाली विम्याचा एक रुपया लागलेला असतो. चिरंजीव म्हणतात, रुपया फुकट जातो, बंद करून टाका. सूनबाई म्हणतात, राहू द्या. आम्ही काय करावे? आणि देव न करो, पण खरेच काही घडले तर हा विमा मागायचा कोणाकडे?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता येईल. दुसरा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात आणि खरे नुकसान तेथेच होते. म्हणून हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रश्नासाठी.

प्रवासापुरता विमा ही कल्पना आपल्याकडे सर्वसामान्यांपर्यंत प्रथम रेल्वेने पोहोचवली. १ सप्टेंबर २०१६पासून आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटावर ९२ पैशांत विमा मिळू लागला. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाख आणि रुग्णालयातील उपचारांसाठी २ लाखांपर्यंत, असे त्याचे स्वरूप. अलीकडे हा हप्ता ४५ पैसे आहे. २०१८मध्ये ओलाने हीच कल्पना टॅक्सीत आणली. शहरातल्या फेरीला १ रुपया, तासांच्या भाड्याने घेतलेल्या गाडीला १० रुपये, परगावच्या प्रवासाला १५ रुपये आणि विमारक्कम ५ लाखांपर्यंत. सामान हरवणे, विमान चुकणे, रुग्णवाहिकेचा खर्च अशाही गोष्टी त्यात घातल्या होत्या. सप्टेंबर २०१९मध्ये उबरने प्रवाशाकडून वेगळा पैसा न घेता अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी ५ लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत विमा जाहीर केला. या योजनांचे आकडे, अटी आणि विमा कंपन्या बदलत राहतात. म्हणून ऐकीव आकड्यावर न विसंबता आपल्या पावतीवर आणि ॲपमधील विमा या सदरात आज काय लिहिले आहे, तेच प्रमाण मानावे.

आता त्या रुपयाचा हिशेब. आपण व्यापारी मंडळी. वस्तू स्वस्त दिसली की ती स्वस्त का, हे आधी पाहतो. ५ लाखांची जोखीम १ रुपयात घ्यायची, तर निव्वळ अंकगणिताने ५ लाख फेऱ्यांमागे एकाच पूर्ण रकमेच्या दाव्याचे पैसे जमा होतात. त्यातूनच कंपनीचा खर्च, लहानसहान उपचारांचे दावे आणि नफा निघायचा. म्हणजे कंपनीने जोखीम त्याहूनही कमी धरली आहे, आणि अर्ध्या तासाच्या फेरीसाठी ते अवाजवी नाही. तेव्हा हा रुपया लूट नव्हे आणि उपकारही नव्हे. ज्यांना महिन्यातून दोनदा टॅक्सी लागते, त्यांनी तो निःशंकपणे द्यावा. जे रोज दोन फेऱ्या करतात, त्यांचे वर्षाच्या ३०० दिवसांचे ६०० रुपये होतात, आणि तेही केवळ टॅक्सीत बसलेल्या वेळेच्या संरक्षणासाठी. त्यांनी पुढे सांगितलेल्या वार्षिक विम्याचा विचार आधी करावा आणि मग रुपया ठेवायचा की काढायचा, ते ठरवावे.

एक गोष्ट मात्र चिरंजीवांच्या बाजूची. आपण न मागता यादीत विमा आधीच निवडलेला असणे हे योग्य नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहकाच्या संमतीवाचून खरेदीत एखादी रक्कम सरकवणे आणि विमा नाकारणाऱ्यास ‘मी असुरक्षित राहीन’ अशा शब्दांचे बटण दाबायला लावून लाजवणे, हे दोन्ही प्रकार त्यात अनुचित ठरवले आहेत. खूण काढून टाकण्याचा अधिकार आपला आहे. ती ठेवायची, तर जाणूनबुजून ठेवावी.

जाणूनबुजून म्हणजे काय, ते आता पाहू.

हा विमा टॅक्सीवाल्याचा नसतो, ॲपच्या कंपनीचाही नसतो. एखादी सामान्य विमा कंपनी ॲपच्या कंपनीस एक सामूहिक विमापत्र देते आणि प्रत्येक प्रवासी फेरीपुरता त्या समूहाचा सदस्य होतो. आपल्या हाती स्वतंत्र विमापत्र येत नाही. येते ते ईमेलवरचे किंवा ॲपमधले प्रमाणपत्र, बहुधा एक दुवा. फेरीचा क्रमांक, विमा कंपनीचे नाव आणि दावा कळवण्याचा क्रमांक त्यातच असतो. दावा द्यायचा तो त्या विमा कंपनीकडे. तेव्हा ‘मागायचा कोणाकडे’ या प्रश्नाचे थेट उत्तर त्या दुव्यात आहे, आणि तो दुवा ज्याच्या फोनवरून टॅक्सी मागवली त्याच्याच फोनमध्ये आहे. अपघातात फोन फुटला किंवा कुलूपबंद राहिला, तर घरच्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

माझ्या परिचयाच्या एका कापड व्यापाऱ्यांच्या घरी असेच झाले. घरातले धाकटे बंधू रात्री दुकान वाढवून टॅक्सीने निघाले. गाडी दुभाजकावर आदळली आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणात गेले. आरोग्य विम्यातून रुग्णालयाचे देयक भागले, म्हणून सगळे निश्चिंत होते. टॅक्सी मागवली होती ती दुकानातल्या मुनीमजींच्या फोनवरून, कारण बंधूंच्या फोनची बॅटरी उतरली होती. चौथ्या महिन्यात वर्षअखेरीचा हिशेब लावताना मुनीमजींना पावतीतली विम्याची ओळ दिसली. दावा केला. रुग्णालयाचे पैसे आरोग्य विम्यातून मिळालेले असल्याने ते पुन्हा मिळणे शक्य नव्हते आणि ते रास्तच होते. उपचारांचा एकच खर्च दोनदा वसूल करता येत नाही. पण घरी आल्यानंतरची औषधे, व्यायामोपचार, भाड्याने आणलेला पलंग यांवर बराच पैसा गेला होता आणि त्यातला औषधोपचाराचा भाग तरी या विम्यातून मागता आला असता. त्याची देयके कोणी ठेवली नव्हती. शिवाय प्रवासी म्हणून नाव होते मुनीमजींचे आणि गाडीत होते बंधू. ते सिद्ध करण्यात आणखी दोन महिने गेले. हाती काही लागले नाही. कंपनीला दोष द्यावा, असेही काही सापडेना.

या प्रसंगात आपल्या घरोघरच्या दोन सवयी दिसतात. पहिली, दुसऱ्याच्या फोनवरून टॅक्सी मागवण्याची. आजोबांसाठी नातू मागवतो, गिऱ्हाइकासाठी दुकानदार मागवतो. ॲपमध्ये ‘दुसऱ्यासाठी मागवत आहे’ असा पर्याय असेल, तर तोच वापरून बसणाऱ्याचे नाव घालावे. तो नसेल, तर निघतानाच बसणाऱ्याच्या फोनवर ‘अमुक गाडीत आपण बसलात’ असा संदेश गाडीच्या क्रमांकासह पाठवून ठेवावा. त्या वेळचा तो साधा संदेश पुढे फार कामी येतो. गाडीत सोबत चौघे असतील तर सर्वांना संरक्षण आहे की ज्याच्या नावे फेरी आहे त्यालाच, हेही प्रमाणपत्रात वाचून घ्यावे. रेल्वेत तिकिटावरच्या प्रत्येक नावाचा हप्ता वेगळा घेतात, म्हणून तेथे हा संशय उरत नाही. टॅक्सीत हप्ता फेरीचा असतो, म्हणून तो उरतो.

दुसरी सवय अधिक घातक, आणि तिच्यावर मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. टॅक्सी दारात येते. चालक नम्रपणे म्हणतो, ‘काका, ॲपवर रद्द करा, तेवढेच भाडे मला रोख द्या. कंपनी आमचे फार कापून घेते.’ आपल्याला त्याची दया येते, कधी वीस-तीस रुपये वाचतात, आणि आपण फेरी रद्द करून गाडीत बसतो. चालकाची तक्रार खोटी असते असे मी म्हणत नाही. पण ज्या क्षणी फेरी रद्द झाली, त्या क्षणी आपला फेरीचा विमाही संपला. सामूहिक विमापत्राच्या दृष्टीने आपण त्या गाडीत नाहीच. आपला मार्ग घरच्यांना दाखवणारी सोय बंद होते, संकटाच्या वेळी दाबायचे बटण निरुपयोगी होते आणि कंपनीच्या नोंदीत तो चालक त्या वेळी रिकामी गाडी घेऊन फिरत असतो. पुढे अपघात झाला, तर आपण त्या गाडीचे प्रवासी होतो हे साक्षीदारांनी आणि पंचनाम्याने सिद्ध करत बसावे लागते. जो गृहस्थ बिनपावतीचा माल घेत नाही, तोच माणूस स्वतःचे शरीर बिनपावतीचे रस्त्यावर नेतो, याचे मला नेहमी नवल वाटते. चालकास मदत करावीशी वाटली, तर फेरी नोंदलेली ठेवून वर वीस रुपये द्यावेत.

फेरीच्या दोन टोकांकडेही लक्ष असावे. चालकाने ओटीपी घालून फेरी सुरू केली की संरक्षण सुरू होते आणि त्याने फेरी संपवली की ते संपते. गल्ली अरुंद आहे म्हणून कोपऱ्यावर उतरून रस्ता ओलांडताना लागलेला धक्का या विम्यात येत नाही. चालकाने घाईने दोन चौक आधीच फेरी संपवली, तर उरलेला रस्ता आपण विम्यावाचून जातो. आणखी एक मर्यादा वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ध्यानात घेण्याजोगी आहे. विम्याच्या भाषेत अपघात म्हणजे बाहेरच्या, दृश्य आणि आघाती कारणाने अकस्मात व अनिच्छेने घडलेली घटना. टॅक्सीत बसल्या बसल्या हृदयविकाराचा झटका आला, तर ती विपत्ती खरी. पण तो अपघात नव्हे. त्यासाठी आरोग्य विमाच हवा.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग या रुपयाच्या विम्यात राहिले काय? राहिले ते पुष्कळ आहे. परंतु त्याला आधार असतो एका दुसऱ्या विम्याचा, ज्यासाठी आपल्याकडून कोणी वेगळा पैसा मागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८अन्वये प्रत्येक वाहनास त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे आणि भाड्याच्या प्रवासी वाहनाच्या बाबतीत आत बसलेला प्रवासीही त्या संरक्षणात येतो. अपघात झाल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाईचा अर्ज करता येतो. तो अपघात घडला त्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही, अर्जदार राहतो त्या भागातील न्यायाधिकरणातही करता येतो. पुण्यात अपघात झाला म्हणून लातूरच्या कुटुंबाने पुण्यास खेपा घालण्याचे कारण नाही. २०१९च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची अट आली आणि ती १ एप्रिल २०२२पासून लागू आहे. दुःखाच्या दिवसांत सहा महिने कसे सरतात ते कळत नाही, म्हणून ही मुदत घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाने लक्षात ठेवावी. चूक कोणाची ते सिद्ध करत न बसता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी ठराविक भरपाई घेण्याचा मार्ग कलम १६४मध्ये आहे. याहून अधिक हवी, तर चालकाचा निष्काळजीपणा आणि आपले नुकसान दाखवावे लागते.

नुकसान दाखवायचे म्हणजे उत्पन्न दाखवायचे, आणि येथे व्यापारी घरांची एक जुनी खोड आडवी येते. न्यायाधिकरण भरपाई ठरवताना मृताचे वय, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे आणि त्याचे उत्पन्न पाहते. उत्पन्नाचा सर्वांत बळकट पुरावा म्हणजे प्राप्तिकराची विवरणपत्रे. दुकानाची उलाढाल डोळे दिपवणारी आणि विवरणपत्रातले उत्पन्न जेमतेम, अशी स्थिती असेल तर न्यायाधिकरण तरी काय करील? बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना हे दृश्य मी इतक्यांदा पाहिले की त्याचे नावीन्य उरले नव्हते. कर्जाच्या वेळी निदान माणूस समोर असतो, समजावून सांगतो. येथे तो सांगायलाही नसतो. भागीदारीतल्या काका-पुतण्यांनी आपापल्या हिश्शाचे उत्पन्न नीट नोंदलेले असावे. जी सून दुकानाचा निम्मा भार वाहते तिचे नाव कोठल्याच कागदावर नाही, असेही असू नये. गृहिणीच्या कामालाही मोल आहे आणि तिच्या मृत्यूबाबत उत्पन्न गृहीत धरून भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात ठासून सांगितले आहे. तरी कागद असेल तर वाद लवकर मिटतो.

फेरीचा विमा आणि न्यायाधिकरणाचा दावा परस्परांचे वैरी नाहीत. पहिला विमा कंपनीशी झालेला करार आहे, दुसरी वाहनधारकाची कायदेशीर जबाबदारी. फेरीच्या विम्याची रक्कम घेतली म्हणून न्यायाधिकरणाचे दार बंद होत नाही. म्हणूनच मी म्हणतो, रुपयाचा विमा हा वरचा जादा थर आहे. बंगल्याच्या गच्चीवर घातलेल्या पत्र्यासारखा तो उपयोगी असतो, पण खाली भिंती हव्यात.

त्या भिंती आहेत की नाहीत, हे पाहण्याची खूण म्हणजे गाडीची पाटी. पिवळी पाटी असली की गाडी भाड्याच्या वाहतुकीसाठी नोंदलेली. विजेवर चालणारी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे. पांढऱ्या पाटीच्या खासगी मोटारीतून किंवा दुचाकीवरून भाडे देऊन जाणे म्हणजे विमा कंपनीच्या हाती अटभंगाचे आयते कारण देणे होय. एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक घालून विम्याची आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत पाहता येते. शहरातल्या दहा मिनिटांच्या फेरीसाठी हे कोणी करणार नाही, मीही करत नाही. परंतु घरची सात-आठ माणसे कुंभोज-बाहुबलीस किंवा पालिताण्यास परगावच्या गाडीने निघतात, तेव्हा आदल्या दिवशी हे दोन मिनिटांचे काम अवश्य करावे. ‘ओळखीच्यांची गाडी आहे, फक्त डिझेलचे द्यायचे’ हे ऐकायला गोड वाटते. पण केवळ त्रयस्थ पक्ष विमा उतरवलेल्या खासगी मोटारीत पाहुणा म्हणून बसलेल्या माणसास त्या विम्याचे संरक्षण मिळत नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी ठरवले आहे. स्वतःच्या मोटारीचा विमा नूतनीकरणास येईल, तेव्हा त्यात प्रत्येक आसनासाठी प्रवाशांचा वैयक्तिक अपघात विमा जोडून घ्यावा. मालक-चालकासाठी असलेला १५ लाखांचा सक्तीचा विमा शेजारी बसलेल्या पत्नीस लागू होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

आता वार्षिक विम्याकडे वळू. चोवीस तास, घरात, दुकानात, रस्त्यावर, कोठेही लागू होणारा सर्वांत स्वस्त विमा म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ती मे २०१५मध्ये सुरू झाली तेव्हा वर्षाचा हप्ता १२ रुपये होता, १ जून २०२२पासून तो २० रुपये आहे. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय अशा स्वरूपाच्या संपूर्ण अपंगत्वासाठी २ लाख, एक डोळा किंवा एक हात वा पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख. रुग्णालयाचा खर्च यात मिळत नाही. पैसे खात्यातून आपोआप जातात आणि विमा १ जून ते ३१ मे असा चालतो. मी नोकरीत असताना या बारा रुपयांच्या नोंदीवरून ‘हे कशाचे कापले?’ म्हणून खिडकीशी येणारे खातेदार रोज भेटत. ज्यांचे बारा रुपये कापले होते त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी त्यांच्या पश्चात दोन लाखांचा हक्क आहे हे ठाऊक नव्हते, आणि ते सांगायला कोणी खिडकीशी येत नसे.

व्यापाऱ्यांची खाती तीन-चार बँकांत असतात. प्रत्येक खात्यातून २० रुपये गेले, तरी विमा एकाच खात्यावरचा, २ लाखांचाच. जादा हप्ते वाया जातात. म्हणून एका बचत खात्यावर तो ठेवावा, जून उजाडण्यापूर्वी त्यात शिल्लक असावी आणि ते खाते बंद करताना विमाही बंद होतो याचे भान असावे. संयुक्त खाते असेल तर पती-पत्नी दोघांनाही आपापला हप्ता भरून सहभागी होता येते. दावा साधारणतः अपघातापासून ३० दिवसांच्या आत त्या शाखेत द्यायचा असतो.

अर्थात २ लाख ही कमावत्या माणसासाठी पुरेशी रक्कम नव्हे. त्यासाठी विमा नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२१पासून ‘सरल सुरक्षा विमा’ हे प्रमाणित विमापत्र सर्व सामान्य विमा कंपन्यांना विकायला लावले आहे. अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत विमारक्कम, मृत्यू आणि कायमचे संपूर्ण किंवा अंशतः अपंगत्व हे मूळ संरक्षण. थोडा अधिक हप्ता भरल्यास अपघातानंतर अंथरुणात पडून राहिलेल्या आठवड्यांचे पैसे, अपघाताचा रुग्णालय खर्च आणि मुलांच्या शिक्षणासाठी अनुदान हे पर्याय जोडता येतात. यातील आठवड्यांच्या पैशांचा पर्याय दुकानदारासाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो. नोकरदारास रजा असते. गल्ल्यावर बसणाऱ्यास नसते. वर सांगितलेल्या कापड व्यापारी बंधूंना तीन महिन्यांत रुग्णालयाने बुडवले नाही, बंद पडलेल्या वसुलीने बुडवले. अपघात विम्यात विमारक्कम उत्पन्नाच्या प्रमाणात दिली जाते, म्हणजे विवरणपत्राचा मुद्दा येथेही पुन्हा पुढे येतो. आणि दुकानाच्या कामाला पाठवलेल्या नोकराचा वाटेत अपघात झाला, तर भरपाईची कायदेशीर जबाबदारी मालकावर येऊ शकते. त्याच्या टॅक्सीच्या पावतीत रुपया आहे, एवढ्याने ती फिटत नाही.

प्रत्यक्ष अपघात झाला, तर पैशांआधी उपचार. मे २०२५मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीस नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात. रुग्णालयात हे स्पष्टपणे विचारावे. पोलिसांत नोंद करण्यास संकोच करू नये. ‘चालक गरीब आहे, आपसात मिटवू’ असे म्हणून एफआयआर टाळणारी घरे मी पाहिली आहेत. पुढे एकही दावा उभा राहत नाही. चालकाला शिक्षा व्हावी ही आपली इच्छा नसली, तरी घटना नोंदवणे वेगळे. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दुर्दैवाने मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाचा अहवाल, अपंगत्व आल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र, फेरीची पावती आणि गाडीचा क्रमांक, एवढ्यावर सर्व दावे चालतात. मूळ देयके कोणालाही देण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढून एका फायलीत लावाव्यात. औषधाच्या दुकानातली साठ रुपयांची चिठ्ठीसुद्धा त्यात असावी.

फेरीच्या विम्यात नामनिर्देशन बहुधा आपण केलेलेच नसते. आयआरसीटीसीचे तिकीट काढल्यावर विमा कंपनीकडून नामनिर्देशित व्यक्तीचे नाव भरण्यासाठी दुवा येतो. जाहिरात समजून तो पुसून टाकणारे कमी नाहीत. नाव भरलेले नसेल तर रक्कम कायदेशीर वारसांना मिळते, पण वारस प्रमाणपत्राच्या खटपटीत महिने जातात. ॲपमध्ये तशी सोय असेल, तर ते नाव आजच भरावे. शिवाय घरातल्या कोणत्या विम्याची पावती कोणाच्या फोनमध्ये येते आणि कोणत्या बँकेतून २० रुपये जातात, हे घरच्या खातेवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. चोपडी पूजनाच्या दिवशी नव्या वहीत ते पान उतरवून घेतले, की दरवर्षी तपासणी आपोआप होईल.

दावा उशिरा दिला म्हणून कंपनीने हात झटकले, तर लगेच गप्प बसू नये. उशिराला खरे कारण असेल तर केवळ उशिरावरून दावा नाकारू नये, असे नियामक प्राधिकरणाने २०११मध्येच कंपन्यांना बजावले आहे. आधी त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा विमा लोकपालांकडे जाता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करायची असते, तिला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. अर्ज मराठीत लिहावा, सोबत फायलीतल्या प्रती जोडाव्यात, आणि फेरीचा क्रमांक पहिल्याच ओळीत घालावा.